चतुर्थी थांबत नाही!

दोस्तांनो, गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ सालचं. मंडप, वर्गणी, वीज, कार्यकर्ते... सगळं जमवायचं, आणि चतुर्थी काही कुणासाठी थांबत नाही! ठरल्या वेळेत, ठरल्या पैशांत काम तडीस नेणं, यालाच मोठ्यांच्या जगात प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात.

त्याची परीक्षाही असते, बरं का! अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेली पीएमआय ही संस्था १९८४ पासून ‘पीएमपी’ परीक्षा घेते. पण नुसती घोकंपट्टी इथे कामाची नाही. पदवीधरालासुद्धा आधी तीन वर्षं प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव दाखवावा लागतो. शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण हवंच. तेव्हा पालकहो, क्लासची फी भरली की झालं, असं नव्हे!

मग आत्ता काय करायचं? यंदा मंडळात एक छोटं काम अंगावर घ्या. वहीत चार रकाने आखा : काय, कोण, कधीपर्यंत, किती खर्च. चुकलात तर तेही लिहा. परीक्षेच्या अर्जात ही वही धरणार नाहीत. पण लागलेली सवय मात्र जन्मभर पुरेल. करणार ना?