लाल दिव्याची गाडी



आपल्या पुढाऱ्यांना लाल दिव्याच्या गाडीची फार हौस, असे आम्ही या सदरात पूर्वी लिहिले होते. त्यावर दोन रागाची पत्रेही आली. 1 मे 2017 पासून सरकारनेच तो दिवा बंद केला, त्यामुळे तो वाद आता मिटला म्हणायचा. पण वाचकहो, गंमत अशी की आम्ही ज्यांना नावे ठेवली त्यांचा दिवा गेला आणि लाल दिव्याची गाडी आमच्याच वाट्याला आली. त्यांचा दिवा टपावर असे. आमचा स्टिअरिंगच्या पुढ्यात, बॅटरीचे चित्र काढलेला, हरभऱ्याएवढा. त्याच्याकडे आम्ही महिनाभर काणाडोळा केला आणि पाच माणसांना रात्री हमरस्त्यावर उभे केले. ती हकिकत सांगतो.

गाडी आमची नव्हे. चेंबूरला आमच्या वस्तीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक दादा आहेत. त्यांची 2006 सालची मारुती 800. ही गाडी डिसेंबर 1983 मध्ये प्रथम रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले, पण सुटे भाग अजून मिळतात. दादांना गुडघ्यांमुळे आता चालवता येत नाही. त्यांनी किल्ली मंडळाकडे दिली. कोणाचे बाळंतपण, कोणाचा डायलिसिस, कोणाची रात्रीची धाप, अशा वेळी ती उपयोगी पडते. कोणाकडून भाडे घ्यायचे नाही आणि पेट्रोल-दुरुस्ती मंडळाच्या फंडातून करायची, असा ठराव आहे. हिशेब आमच्याकडे, कारण आम्ही बी.कॉम.

2024 च्या फेब्रुवारीत गाडी सकाळी सुरू होईना. आम्ही ती जवळच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीने धक्का मारून गाडी चालू केली, चालू इंजिनावर बॅटरीची एक वायर काढली, इंजिन बंद पडले नाही हे आम्हाला दाखवले आणि म्हणाला, "बघा साहेब, डायनॅमो ओके. बॅटरी गेली." आम्ही मान डोलावली. नवी बॅटरी बसली, 4,100 रुपये खर्ची पडले. त्यानंतरही तो लाल दिवा रात्री अंधुक दिसे. दिवसा दिसत नसे. बॅटरी तर नवी आहे, मग हा दिवाच बिघडला असेल, असे आम्हीच ठरवून टाकले.

19 मार्चला संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर महाडला निघालो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, त्या दिवशी तिथे जायचे हा आमच्या घरचा रिवाज आहे. गाडीत आम्ही, आमच्या पत्नी, आमचा मेहुणा, त्याची शाळकरी मुलगी आणि वस्तीतल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. आजींचा हट्ट होता की या वर्षी जायचेच, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही.

वडखळला चहा घेऊन परत गाडी चालू केली तेव्हा स्टार्टर कण्हल्यासारखा वाजला. तिथेच थांबायला हवे होते. कोलाडच्या पुढे मेहुणा म्हणाला, "दाजी, लाइट पिवळे पडलेत का हो?" हॉर्न दाबला तर बकरीच्या पिल्लासारखा आवाज. माणगाव आठ-दहा किलोमीटरवर असेल तेव्हा इंजिनाने दोन गचके दिले आणि सगळेच विझले. दिवे नाहीत, मागचा लाल दिवा नाही, काही नाही. रस्त्याचे काम चाललेले, कडेला खडी, एका अंगाला खोल चर. मागून ट्रक येत होते. पहिला ट्रक इतक्या जवळून गेला की गाडी हलली.

आजींना आणि मुलीला आधी बाहेर काढून रस्त्यापासून दूर बसवले. पत्नीने आजींचे पिशवीतले पांढरे पातळ काढले, महाडला नेसायचे, घडी न मोडलेले, आणि गाडीच्या मागे पन्नास पावलांवर उभी राहून एका हाताने ते आणि दुसऱ्या हाताने मोबाईलचा उजेड हलवू लागली. आम्ही गाडी ढकलत होतो. त्या दहा मिनिटांत आमच्या मनात काय काय येऊन गेले ते इथे लिहीत नाही. पुढे निळे झेंडे लावलेला एक टेंपो थांबला. "जयभीम, काय झालं?" एवढेच विचारले. त्यांनी दोर बांधून गाडी माणगावपर्यंत ओढली आणि आजींना, पत्नीला, मुलीला दाटीवाटीने बसवून पहाटे महाडला पोचवले. कुठल्या गावचे होते ते विचारायचे राहून गेले. आम्ही दोघे सकाळी एस.टी.ने गेलो.

आता गाडी परत आणायची कशी? आमच्या वस्तीत एक मुलगी आहे, शेजारच्या वहिनींची. आय.टी.आय. करून ती एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात काम करते. पत्नीनेच तिला फोन लावला. आम्हाला ते सुचले नाही, आणि का सुचले नाही तेही सांगतो. 2019 साली ही पोरगी दहावी होऊन आमच्याकडे फॉर्म भरायला आली होती. तिला गाड्यांचे काम शिकायचे होते. आम्ही काय सांगितले? "पोरी, गाडीखाली लोळायचे काम तुला कशाला? कॉमर्सला जा. बँकेत लागशील." वहिनींनाही तेच समजावले. तिने ऐकले नाही, मामाकडून फॉर्म भरून घेतला. तेव्हापासून ती आम्हाला जयभीम घाली, पण थांबून बोलत नसे.

फोनवर तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, बॅटरी चांगली असेल, पण तिला भरणारं यंत्र बंद आहे. तिकडे बॅटरी दुकानात पूर्ण चार्ज करून घ्या. दिवसाच निघा. लाइट लावू नका, रेडिओ, पंखा बंद. आणि मध्ये कुठेही इंजिन बंद करू नका, चहालासुद्धा." माणगावला नातलगांकडे मुक्काम करून 21 तारखेला सूर्य उगवल्यावर निघालो आणि चहा न पिता चेंबूर गाठले.

रविवारी ती पान्यांची पिशवी आणि एक मीटर घेऊन आली. तिने जे समजावले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. बॅटरी म्हणजे बचत खाते. अल्टरनेटर, ज्याला गॅरेजात अजून डायनॅमोच म्हणतात, तो म्हणजे पगार. इंजिन पट्ट्याने त्याला फिरवते, तो वीज तयार करतो, त्यातून गाडीचा रोजचा खर्च भागतो आणि उरलेले खात्यात जमा होते. पगार थांबला तरी खात्यात आहे तोवर घर चालते, म्हणून कोणाला कळत नाही. आम्ही नवे खाते उघडले, पगार मात्र तोच बुडालेला. नंतर आम्ही कागदावर हिशेब केला. पुढचे दोन दिवे मिळून सुमारे 110 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला नऊ अँपिअर. मागचे दिवे, इंजिनाची ठिणगी, पेट्रोलचा पंप धरून पंधरा. बॅटरी 35 अँपिअर-अवरची. भागाकार केला की सव्वादोन तास, तेही बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर. अल्टरनेटर अधूनमधून थोडे देत होता म्हणून कोलाडपर्यंत तरी पोचलो.

तिने मीटरच्या दोन तारा बॅटरीला लावल्या. इंजिन बंद असताना 12.3 व्होल्ट. चालू केल्यावर आकडा पावणेचौदा ते सव्वाचौदाच्या आसपास चढायला हवा. तो 12.1 वर उतरला. दिवे लावले तर 11.7 आणि हळूहळू खाली. "झालं," ती म्हणाली. या तपासणीला दोन मिनिटे लागली. फेब्रुवारीत कोणी ही दोन मिनिटे दिली असती तर 4,100 रुपये वाचले असते. चालू इंजिनावर वायर काढल्याचे सांगितले तेव्हा तिने कपाळाला हात लावला. ती युक्ती फार जुन्या गाड्यांच्या डायनॅमोची. अल्टरनेटरवर तसे केले तर व्होल्टेज एकदम उसळते आणि आतले डायोड, शिवाय गाडीतली इलेक्ट्रॉनिक्सही जळू शकतात. आपल्या गाडीचे नुकसान त्यानेच झाले का, हे मात्र ती छातीठोकपणे सांगेना.

लगेच अल्टरनेटर काढला असेही नाही. आधी पट्टा सैल आहे का, बॅटरीच्या टोकांवर पांढरा क्षार साचलाय का, इंजिनाला जोडलेली अर्थची तार तुटलीय का, हे पाहिले. पट्ट्याला आतून चिरा होत्या, बाकी ठीक. मग पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हे विसरायचे नाही, कारण अल्टरनेटरची जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते, किल्ली बंद असली तरी तिच्यात वीज असते. पाना तिथून बॉडीला टेकला की ठिणगी. नंतर ताण देणारा बोल्ट सैल केला, पट्टा उतरवला, जाड तारेचा नट आणि छोटा प्लग सोडवला, खालचा लांब बोल्ट काढला आणि अल्टरनेटर बाहेर. कणकेच्या गोळ्याएवढा लोखंडी ऐवज, काळा तेलकट.

उघडल्यावर दिसले की आतले दोन कार्बन झिजून नखाएवढे राहिलेत. ते ज्या तांब्याच्या कड्यांवर घासतात त्या कड्यांना चर पडलेला, आणि हाताने फिरवल्यावर बेअरिंग खरखरत होते. नुसते कार्बन बदलायचे तर काहीशे रुपयांत भागले असते, आणि पुष्कळदा तेवढेच पुरे होते, म्हणून आधी उघडून पाहावे असे ती म्हणाली. इथे ते पुरणार नव्हते. नव्याचा भाव सहा हजारांच्या वर निघाला. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर भंगारातला हजारात मिळत होता, पण त्याचे आयुष्य कोणी सांगावे? शेवटी जुना परत देऊन दुरुस्त केलेला 2,600 रुपयांना घेतला, सहा महिन्यांच्या हमीचा, पक्क्या पावतीसह. पावतीशिवाय घेणार नाही म्हटल्यावर दुकानदाराचे तोंड वाकडे झाले, पण दिली.

बसवायचे काम उलट्या क्रमाने. त्यात पट्ट्याचा ताण महत्त्वाचा. मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच खाली जावा. सैल राहिला तर घसरतो आणि चार्ज होत नाही, जास्त ताणला तर बेअरिंग खातो, पाण्याच्या पंपाचेही. बॅटरी आधी चार्जरवर भरून घेतली, रिकामी बॅटरी भरायचे ओझे नव्या अल्टरनेटरवर टाकायचे नाही म्हणून. सगळे झाल्यावर किल्ली फिरवली, लाल दिवा लख्ख लागला. इंजिन चालू केले, पूर्ण विझला. मीटरवर 14.2. दिवे लावूनही 13.8. "काका, किल्ली फिरवल्यावर तो लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर गेलाच पाहिजे. यातलं एक जरी झालं नाही तरी मला हाक मारा." तेवढ्यात आजी काठी टेकत आल्या, गाडीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पातळाला डांबर लागलंय. त्याला काय औषध?" पोरीने रॉकेल सांगितले.

त्या संध्याकाळी मंडळाची बैठक होती. अल्टरनेटरची पावती मंजूर झाली. मजुरी 600 रुपये आम्ही मांडली तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "घरचीच पोर आहे. तिला कसली मजुरी? समाजाचं काम आहे." दोघांनी माना डोलावल्या. फेब्रुवारीत परक्या गॅरेजवाल्याला चुकीच्या कामाचे 4,100 देताना यातले कोणीही बोलले नव्हते. आम्हीही नाही.

आम्ही सहसा बैठकीत आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढला. महारकीच्या वतनाच्या नावाखाली गावाने आमच्या आजा-पणजाला दिवसरात्र राबवले आणि हातावर शिळा तुकडा टेकवला. ते वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल आणले. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा तंत्रशिक्षणाच्या योजनाही त्या खात्याकडे होत्या. हाताला कसब यावे आणि त्या कसबाला दाम मिळावा, यासाठी ज्यांनी आयुष्य झिजवले त्यांच्या फोटोखाली बसून आपण आपल्याच लेकीला वेठीला धरणार काय? असे विचारून आम्ही खाली बसलो. हात थरथरत होते. खरे सांगायचे तर राग सभासदांवर कमी आणि 2019 सालच्या आमच्या स्वतःच्या सल्ल्यावर जास्त होता, आणि तेही आम्ही उभे राहून सगळ्यांसमोर सांगितले. दाराशी वहिनी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

खजिनदार ताईंनी 600 मंजूर लिहिले. आम्ही व्हाऊचर भरून पोरीच्या घरी गेलो. तिने सही करण्यापूर्वी ते वरपासून खालपर्यंत वाचले आणि पेन आमच्याकडे परत दिले.

"काका, पट्टा नवीन टाकलाय. त्याचे 250 वेगळे लिहा, नाहीतर उद्या म्हणतील मी मजुरी जास्त घेतली."

आम्ही ओळ वाढवली.