मिसोतली सुरमई

मासा हातात आला की आपण आधी हळदीकडे वळतो. हळद, तिखट, आगळ, आलं-लसणाचं वाटण, वरून रवा आणि मग तवा. ती सुरमई मला प्राणप्रिय आहे. पण अधूनमधून मी तीच सुरमई मसाल्याचा डबा न उघडता ओव्हनमध्ये भाजते. मासे मनापासून आवडणाऱ्यांनी ती एकदा तरी खाऊन बघावी. तिखटामागे दडलेली माशाची चव तिथे समोर येते.

ही रीत क्योटोची. पांढऱ्या, गोडसर मिसोत मासा मुरवून भाजायचा. तिथे याला साइक्यो-याकी म्हणतात. मिसो म्हणजे शिजवून वाटलेलं सोयाबीन, मीठ आणि कोजी एकत्र आंबवून केलेला लगदा. कोजी ही बहुतेक वेळा तांदळावर वाढवलेली बुरशी असते. क्योटोच्या मिसोत तांदूळ भरपूर, मीठ कमी आणि आंबवण्याचा काळ थोडा, म्हणून तो गोड लागतो.

क्योटोला समुद्र नाही. उत्तरेकडच्या वाकासाच्या किनाऱ्यावरून मासळी डोंगर ओलांडून यायची. तिथल्या बांगड्याला, म्हणजे साबाला, मीठ लावत आणि माणसं तो पाठीवर लादून नेत. ओबामा गावापासून क्योटोपर्यंत सुमारे ७० किलोमीटर. शहरात पोचेपर्यंत मीठ माशात छान मुरलेलं असे. त्या वाटेला आजही साबा काइदो, बांगड्याचा रस्ता, म्हणतात. कोकणातून घाटावर चढणारी सुकी आणि खारी मासळी ज्यांनी पाहिली-खाल्ली आहे, त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

आणि मासाही परका नाही. या पदार्थासाठी तिथे हौसेनं घेतात तो सावारा आपल्या सुरमईच्या सख्ख्या कुळातला आहे. दोघांच्याही शास्त्रीय नावाचा पहिला शब्द एकच, स्कॉम्बरोमोरस. म्हणून मी महागड्या परदेशी माशाच्या वाटेला जात नाही. बाजारात एवढंच सांगते, "मावशी, आज तळायची नाहीये, जरा जाड काप." पातळ तुकडी ओव्हनमध्ये कोरडी पडते. दोन सेंटिमीटरची हवी.

घरी आल्यावर तुकड्यांना दोन्ही बाजूंनी मीठ लावायचं आणि अर्धा तास ताटलीत तशाच ठेवायच्या. ही पायरी कृपा करून गाळू नका. हळूहळू तुकडीवर पाण्याचे बारीक थेंब उभे राहतात, मग ताटलीच्या कडेला गढूळसर पाणी साठतं. माशाचा उग्र वास त्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. ते फेकून तुकड्या फडक्यानं अगदी कोरड्या टिपायच्या. हात लावून बघा, मांस आता घट्ट लागतं.

चार तुकड्यांना चार मोठे चमचे पांढरा मिसो, एक चमचा साखर आणि दोन चमचे मिरिन, म्हणजे स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू. मिरिन नसेल तर थोडं पाणी आणि चिमूटभर जास्त साखर. हे तुकड्यांना माखून डबा फ्रिजमध्ये ठेवायचा. जपानात मासा आणि मिसो यांच्यामध्ये पातळ कापड घालतात. आपलं मलमल त्यासाठी उत्तम, चव आरपार जाते आणि मिसो चिकटून राहत नाही. रात्रभर मुरली तर चांगली, दोन दिवस मुरली तर फारच चांगली.

भाजण्याआधी मिसो पुसून काढा. तसाच राहिला तर त्यातल्या साखरेमुळे मासा शिजण्याआधीच वरून करपतो. जपानी घरांत गॅसच्या शेगडीतच मासे भाजायचा छोटा खण असतो. आपण ओव्हन २०० अंशांवर तापवायचा आणि बारा ते चौदा मिनिटं भाजायचं. शेवटची दोन मिनिटं फक्त वरची कांडी लावून समोरून हलू नका. कडा आधी सोनेरी होतात, मग तपकिरी, मधे एखादा काळा ठिपका उमटतो. तिथे थांबायचं.

सोबत इंद्रायणीचा मऊ भात, तो मुळातच चिकटसर असल्यामुळे या जेवणाला शोभतो. आणि किसलेला मुळा, पाणी हलकेच पिळून, वर लिंबू आणि दोन थेंब सोया सॉस. जपानातही भाजलेल्या माशाशेजारी किसलेला मुळा असतोच. तुकडीचा काटा सहज सुटतो. आमच्या घरी मुलं ही सुरमई भाकरीबरोबरही खातात आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

मिसोचा डबा फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा उरलेल्याची चिंता नको. श्रावणात तोच मिसो थोडी साखर घालून वांग्याच्या अर्धुकांवर लावा. वांगी आधी तेलाचा हात लावून मऊ भाजून घ्या, मग मिसो लावून पुन्हा ओव्हनमध्ये. तेवढं डब्यावरचं लेबल मात्र वाचून घ्या, कारण काही मिसोंमध्ये सुक्या माशाचा अर्क आधीच मिसळलेला असतो.