आत्याचा आजारही सांगा

स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण आली की पहिला प्रश्न असतो, "आईला, मावशीला होता का?" आत्याचे विचारायचे पुष्कळदा राहून जाते आणि घरचेही आपण होऊन सांगत नाहीत.

बीआरसीए १ व २ ही जनुके पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करतात. गाठ होऊ न देणारे हे राखणदारच. पहिल्याचा ठावठिकाणा मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये १७ व्या गुणसूत्रावर दाखवला. बिघडलेले जनुक आईकडून येते तसे वडिलांकडूनही येते. मुलगा असो वा मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी.

विशेष असे, की हाच बिघाड उपचाराच्या कामी येतो. दुरुस्तीचा एक रस्ता बंद झालेल्या गाठीतील पेशी पार्प नावाच्या विकराच्या आधारावर तगून असतात. ओलापॅरिबची गोळी तोही आधार काढते आणि पेशी मरते. निरोगी पेशींत जनुकाची एक प्रत शाबूत असल्याने त्या बहुतांशी निभावतात. (थकवा, रक्त कमी होणे हे त्रास होतातच.) अमेरिकेत बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी तिला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

पण तपासणीच झाली नाही तर ही गोळी कोणाला लागू पडेल, हे कळणार कसे? आपल्याकडे मुलींची लग्ने अडतील म्हणून आजार झाकतात. झाकायचा तर शेजाऱ्यांपासून झाका, डॉक्टरांपासून नको, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासणी आधी रुग्णाची करावी. दोष सापडला तर बहिणी, मुली आणि भावांनीही समुपदेशन घेऊन करावी. साऱ्या गावाने मात्र धावण्याचे कारण नाही. स्तनाचे बहुसंख्य कर्करोग आनुवंशिक नसतात.