सॅक्सोफोन कोण वाजवतंय?

मंडळी, या विकेंडला पुन्हा जॅझ. ज्यांना बोअर होतं त्यांनी पुढच्या शनिवारी यावं.

सॅक्सोफोनवाला ओळखायचा तो बोटांच्या वेगावरून नव्हे, सुरावरून, असं आपलं ठाम मत आहे. कोलमन हॉकिन्सचं १९३९चं 'बॉडी अँड सोल' लावा. जाड, भरलेला, थरथरता सूर. मग त्याच वर्षीचं काउंट बेसीच्या बिग बँडचं 'टॅक्सी वॉर डान्स' ऐका. तिथे लेस्टर यंग : हलका, ठेक्याच्या जरा मागे रेलून बसलेला. वाद्य एकच, टेनर. पण माणसं दोन, हे दहा सेकंदांत कळतं. मला लेस्टर जास्त आवडतो.

इथपर्यंत आमच्या जॅझवाल्या मित्रांशी भांडण नाही. भांडण होतं ते मनोहारी सिंगांवरून. "छान आहे रे, पण फिल्मी आहे." का बुवा? १९६४च्या 'काश्मीर की कली'मधलं 'है दुनिया उसी की' ऐका. रफी थांबतो आणि सॅक्स तेच दुःख पुढे नेतो, एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत. हीच घसरण एलिंग्टनच्या बँडमधल्या जॉनी हॉजेसने केली की अभिजात, आणि मनोहारीदांनी ताडदेव-महालक्ष्मीकडच्या स्टुडिओत केली की फिल्मी! आमच्या खारदांड्यात हळदीला बँडवाला सॅक्सवर जुनी गाणी वाजवतो, त्यातही तो सूर सापडतो. हॉकिन्सचा नाही सापडत.

मला वाटतं, खरी गोम श्रेयनामावलीत आहे. एलिंग्टनच्या रेकॉर्डवर कोण काय वाजवतंय हे आम्हाला पाठ असतं. न्यूपोर्टला १९५६ साली पॉल गोन्साल्व्हिसने सलग २७ आवर्तनं वाजवली, हेही. (आडनाव पोर्तुगीज. आपल्या गोव्याच्या ब्राझ गोन्साल्व्हिसचंही तेच, आणि तोही सॅक्सवाला, रागदारी जॅझमध्ये आणणारा. उगाच आवडतो मला हा योगायोग.) आपल्या सिनेमाच्या रेकॉर्डवर मात्र संगीतकार, गीतकार, गायक. संपलं. १९५१च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांनी आपल्या मराठी कानाने जो बिग बँडचा धमाका केला, त्यात गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो, म्हणून निदान तो तरी लक्षात राहिला. बाकीचे वाजवून, पाकीट घेऊन घरी गेले. आम्ही कोडमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी कमिटला आमचं नाव लागतं!

असो. एलिंग्टन १९६३ साली बँड घेऊन मुंबईत येऊन गेला. त्या दौऱ्यातून 'फार ईस्ट स्वीट' निघाली. रेकॉर्ड १९६७ची, माझ्या पहिल्या पाचांत. तिच्यातलं 'इस्फहान' लावा, हॉजेसचा सॅक्स. संपलं की मधे चहासुद्धा न घेता 'है दुनिया उसी की'. हेडफोनवर. मग म्हणा फिल्मी.