दारू सोडली, पण संध्याकाळी सात वाजता जायचं कुठे?

पौर्णिमेला विहारात पंचशील घेताना पाचव्या शीलापाशी काही जणांचा आवाज खाली जातो. शेजारी बसलेल्या बाईला तो बरोबर कळतो, कारण ती त्याची बायको असते. घरी ती काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला गाठून विचारते, "सिस्टर, सोडवायचं औषध चहातून देता येईल का हो?"

तर आधी तेच सांगतो. देऊ नका. डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम खाली येतो. जीवही जाऊ शकतो. ती गोळी डॉक्टरांनी तपासून, माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. आणि 'न सांगता दारू सोडवा' म्हणून भिंतीवर जाहिरात असते त्या पुडीत काय आहे, हे विकणाराही सांगत नाही.

दुसरी गोष्ट जयंतीच्या शपथेची. सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घोट लागतो, असा माणूस एका दिवसात बंद करायला गेला तर पहिल्या दोन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात. नंतरच्या एक-दोन दिवसांत भास होणं, बरळणं, ताप, घाम. आम्ही वॉर्डात असताना १४ एप्रिलनंतर असे पेशंट आलेले आठवतात. एकाला घरच्यांनी 'बाहेरचं झालंय' म्हणून दोन रात्री घरातच ठेवलं होतं. बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर असलेल्या घरात! अशा माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्या. औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखाली आठवडाभरात शरीर बरंच सावरतं.

पण आमचं खरं म्हणणं त्या आठवड्यानंतरचं आहे. डिस्चार्ज कार्ड घेऊन माणूस वस्तीत येतो. तोच नाका, तेच मित्र, तीच संध्याकाळ. सात वाजले की पाय आपोआप वळतात. नुसतं "जाऊ नकोस" म्हणून भागत नाही, जायला दुसरी जागा लागते.

अशी जागा आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए.ची मीटिंग. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झालं. फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. आडनाव कोणी विचारत नाही, त्यामुळे जातही कळत नाही. शेवटी पैशांची पिशवी फिरते, तिच्यात काही टाकलं नाही तरी चालतं. पत्ता व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत विचारा. समुपदेशनासाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. पत्ता घेताना वार, वेळ आणि भाषा विचारून घ्या, नाहीतर इंग्रजी मीटिंगला जाऊन माणूस गप्प परत येतो आणि पुन्हा जात नाही. 'ओपन' मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं. बायका-मुलांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. नवरा येवो न येवो, बाईने आपली जावं.

आता अडचणीचं बोलू. आमच्या वस्तीतला एक भाऊ पहिल्याच मीटिंगहून परत आला तो रागात. "सिस्टर, चर्चच्या हॉलात भरते, वर प्रार्थना म्हणतात, देव म्हणतात. मी बाबासाहेबांचा माणूस आहे." खोटं नाही. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत देव आहे, 'आपल्याला समजलेला' असं म्हटलं असलं तरी आहे. आम्हालाही ते खटकतं. पण हात जोडायची सक्ती नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प राहावं. देवाच्या जागी त्या खोलीतली माणसं धरली तरी चालतं, हे ए.ए.वालेच सांगतात. एकजण सांगतो, आज किती दिवस झाले, काल कुठे पाय घसरत होता. बाकीचे ऐकतात. कोणी उपदेश करत नाही. संघाला शरण जातो असं आपण तीन वेळा म्हणतो, तो संघ यापेक्षा फार वेगळा असेल असं आम्हाला वाटत नाही. तो भाऊ पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला.

मीटिंग चर्चमध्ये भरते ती ए.ए. ख्रिस्ती आहे म्हणून नव्हे. ए.ए. कुठल्याच धर्माशी किंवा पक्षाशी स्वतःला जोडून घेत नाही. चर्च खोली देतं, म्हणून तिथे भरते. मग आपलं विहार का देत नाही? आम्ही विचारलं तेव्हा कमिटीतले एक काका म्हणाले, "विहारात बेवडे बसवायचे का?" काका, पाचव्या शीलाला पालीत सिक्खापद म्हणतात. म्हणजे शिकायची गोष्ट. शिकणारा चुकतो, पुन्हा बसतो. न पिणाऱ्यांनाच आत घ्यायचं असेल तर ते शील रोज म्हणवून कशाला घेता?

खोली दिली तर एवढं मात्र सांभाळावं लागेल: बॅनर नको, फोटो नको, अध्यक्षांचं भाषण नको. आणि आत कोण होतं हे दुसऱ्या दिवशी नळावर निघता कामा नये.

अर्ज दिला आहे, उत्तर यायचं आहे. मंगळवारी संध्याकाळी विहार रिकामं असतं आणि किल्ली महिला मंडळाकडे असते.