जुन्या मोटारीचा मान

इंग्लंडमध्ये १९५३ ते १९७१ या काळात ‘मॉरिस मायनर ट्रॅव्हलर’ ही मोटार तयार होत असे. तिच्या मागील भागाचा सांगाडा अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाचा असून छपराचा भारही तोच पेलतो. आजही काही हौशी लोक ही मोटार बाळगतात. सांध्यांत पाणी मुरले की लाकूड कुजते. म्हणून ते कोरडे राखावे लागते, वेळोवेळी रोगण द्यावे लागते.

‘मग ती कुलपातच का ठेवू नये?’ असे कोणी विचारील. मला ते पटत नाही. चालवताना झिजलेला भाग दिसतो. कुजलेला तुकडा कुशल सुतार बदलू शकतो. कोंदट कोठडीत मात्र लाकूड कुजते, लोखंड गंजते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. मुलांनो, जुनी वस्तू निगुतीने वापरावी. हाच तिचा खरा मान होय.