गुडघा कुणाचा, कलम कशाचे?

आमच्या नागपुरात एखाद्याच्या गुडघ्याची लिगामेंट तुटली की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, तेल लावा, पट्टा बांधा, दोन महिन्यांत पोरगा धावायला लागेल. दुसरा पक्ष एमआरआयचा लिफाफा काखेत मारून धंतोली-रामदासपेठेत तीन दवाखान्यांची वारी करून येतो आणि अधिकच गोंधळतो. कारण एक डॉक्टर मांडीमागची कंडरा काढून बसवू म्हणतो, दुसरा वाटीखालची, तर तिसरा थेट घोट्याजवळची! त्यात शेजारचे काका येऊन सांगतात, "तुम्ही काय विचार करून राहिले बापा? आमच्या भाच्याले इंपोर्टेड स्क्रू टाकला, पोट्टा पळून राहिला!" शेवटी निर्णय होतो तो बहुधा पॅकेजच्या आकड्यावर.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात आणि कबड्डी-खोखोच्या मैदानांवर माझी उमेद गेली, आणि त्यामुळे खेळाडूंच्या आईवडिलांबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसण्याचा प्रसंग वारंवार आला. तिथे हमखास पहिला विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "कोणती शस्त्रक्रिया सगळ्यात चांगली?" माझ्या मते हा प्रश्न पहिला नाहीच. तो तिसरा किंवा चौथा आहे, आणि तो पहिला विचारल्यामुळेच पुष्कळ गुडघे आणि पुष्कळ पैसे वाया जातात.

आधी गुडघ्यात काय तुटते ते पाहू. मांडीचे आणि नडगीचे हाड आतून बांधून ठेवणारे दोन दोर फुलीसारखे एकमेकांना ओलांडतात. त्यातला पुढचा दोर म्हणजे एसीएल. नडगीचे हाड पुढे घसरू नये आणि पाय रोवून अंग वळवले तरी गुडघा जागचा सरकू नये, हे त्याचे काम. कबड्डीत चढाई करणारा मध्यरेषेकडे वळतो, नेमका तेव्हाच घोटा पकडला जातो, अंग फिरते पण पाय फिरत नाही. 'कट्' असा आवाज होतो आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. घसरलेल्या स्कूटरखाली पाय अडकला तरी हेच होऊ शकते. गुडघ्यात दुसऱ्याही लिगामेंट असतात. दोन्ही गुडघे जवळ आणले की जी बाजू एकमेकींना टेकते, त्या बाजूची लिगामेंट बहुतेक वेळा पट्टा बांधून, विश्रांती घेऊन जुळते. म्हणून तेल-पट्टा पक्षाचा अनुभव खोटा नसतो. त्यांचा तुटलेला दोर वेगळा होता, इतकेच! एसीएल सांध्याच्या आतल्या द्रवात असतो, तिथे जुळण्यासाठी लागणारी रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि तुटलेली टोके सहसा एकमेकांना भेटत नाहीत.

ती टोके शिवून टाकावीत, हा विचार जुना आहे. 1895 साली इंग्लंडात लीड्स येथे मेयो रॉबसन नावाच्या सर्जनने एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले दोर टाके घालून जोडले. (आपल्या मेयो इस्पितळाशी या मेयोंचा काही संबंध नाही!) पुढे कितीतरी वर्षे शिवणे चालू राहिले. 1976 मध्ये अमेरिकेच्या लष्करी अकादमीतल्या छात्रांची पाच वर्षांनंतरची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा शिवलेले बहुतेक गुडघे पुन्हा डळमळू लागल्याचे दिसले. 1980च्या दशकात डेक्रॉन, गोअर-टेक्स, कार्बन अशा कृत्रिम धाग्यांची लाट आली. ते धागे झिजले, सांधे सुजले आणि ती लाटही ओसरली. उरला तो मार्ग आज सर्वत्र चालतो. रुग्णाच्याच शरीरातली एक कंडरा काढायची, दुर्बिणीतून दोन्ही हाडांत बोगदे पाडायचे आणि त्यांतून ती नव्या दोरासारखी ओवून बसवायची. याला ग्राफ्ट म्हणतात. आपण संत्र्याच्या मुलखातली माणसे, आपण सरळ कलम म्हणू.

आता पहिला प्रश्न. शस्त्रक्रिया हवीच का, आणि आताच हवी का? स्वीडनमध्ये 121 तरुण रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांची लगेच शस्त्रक्रिया केली. निम्म्यांना आधी शिस्तीत व्यायाम दिला आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया असे ठरवले. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच निघाले. दुसऱ्या गटातल्या सुमारे 39 टक्के लोकांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, पाच वर्षांनी हा आकडा 51 टक्के झाला, पण उरलेल्यांना ती लागलीच नाही. मात्र 2022 मध्ये ब्रिटनमधला 316 रुग्णांचा अभ्यास आला. त्याने उलटे सांगितले. तिथे शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला.

म्हणजे खरे कोण? दोन्ही खरे. स्वीडनमधले गुडघे ताजे दुखावलेले होते, ब्रिटनमधले जुने, महिनोन्महिने डळमळणारे. आपल्याकडचा रुग्ण बहुधा या दुसऱ्या वर्गातला असतो. मालीशवाल्याकडे महिना जातो, परीक्षा होऊ देऊ म्हणून दोन महिने, दिवाळी होऊ दे म्हणून आणखी एक. दरम्यान जिना उतरताना गुडघा चारदा सटकतो, आणि प्रत्येक सटकण्यात आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटण्याची भीती असते. गादी फाटून गुडघा अडकला, सरळच होईना, तर मात्र दिवाळीची वाट पाहू नये. पण चाळीशीतल्या बँक कर्मचाऱ्याचा गुडघा तीन महिन्यांच्या व्यायामाने स्थिर झाला असेल, आणि फुटाळ्याला सकाळी फेरी मारण्यापलीकडे त्याला काही करायचे नसेल, तर शस्त्रक्रिया नको म्हणणारा डॉक्टर त्याचे हितच पाहतो आहे. अशा डॉक्टरला आपल्याकडे 'याला जमत नसेल' असे म्हणतात, ही आपली तऱ्हा! शस्त्रक्रियेने पुढे संधिवात टळतो, असेही खात्रीने सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न, हा गुडघा दिवसभर काय करतो? इथे कलमांची तुलना उपयोगी पडते. वाटीखालच्या कंडरेचे कलम दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे घेऊन येते, त्यामुळे हाडाला हाड लवकर धरते. धावपटू आणि फुटबॉलपटू यांच्यासाठी अनेक सर्जनांची पहिली पसंती तीच. पण गुडघा टेकला की पुढून दुखते, आणि ही तक्रार वर्षानुवर्षे राहू शकते. परदेशी पुस्तकात ही एक ओळ असते. आपल्याकडे मात्र नमाज पढणारा, वज्रासनात बसणारा, फरशी बसवणारा, शेतात निंदण करणारी बाई, या साऱ्यांचा दिवस गुडघ्यावर जातो. त्यांना मांडीमागची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची कंडरा अधिक सोयीची. तिचा तोटा असा की गुडघा पूर्ण दुमडून ओढण्याची ताकद थोडी घटते. कुस्तीगिराला, पायाची कैची मारणाऱ्या कबड्डीपटूला ती जाणवते. वाटीवरच्या जाड कंडरेचाही वापर अलीकडे वाढला आहे. घोट्याच्या बाहेरच्या बाजूची कंडरा आपल्या देशात बरीच वापरली जाते. तिने मांडी वाचते, पण ज्याचा सारा खेळ घोट्यावर चालतो त्याने होकार देण्यापूर्वी दोनदा विचारावे, असे माझे मत आहे.

बळकटीत फरक किती? 2017 मध्ये 47 हजारांहून अधिक रुग्णांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. वाटीखालचे कलम तुटण्याचे प्रमाण 2.80 टक्के, मांडीमागचे 2.84. अभ्यासकांचा हिशेब असा की एक कलम तुटण्यापासून वाचवायला सुमारे 235 जणांना दुसऱ्याऐवजी पहिले कलम लावावे लागेल. ज्या फरकावर घराघरांत वाद होतात तो हा एवढा! स्क्रू टायटॅनियमचा की विरघळणारा, यावरून तर गुडघ्याच्या चालण्यात सहसा काहीच फरक पडत नाही. बिलात पडतो.

एक फरक मात्र मोठा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पंचविशीच्या आतल्या, वळणाचे खेळ खेळणाऱ्या 618 रुग्णांच्या अभ्यासात कलमाबरोबर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक जादा पट्टी बांधली, तर दोन वर्षांत कलम तुटण्याचे प्रमाण 11 टक्क्यांवरून 4 वर आले. हा अभ्यास 2020 चा. कॉलेजात खेळणाऱ्या मुलाच्या वडिलांनी स्क्रूचा देश विचारण्यापेक्षा ही पट्टी आपल्या मुलाला लागेल का, हे विचारावे.

आणि आता ज्या प्रश्नाला पॅकेजमध्ये रकानाच नसतो तो. पुढचे नऊ महिने कोण सांभाळणार? बसवल्या दिवशी कलम भक्कम असते. नंतर त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ते सर्वांत कच्चे होते. नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते, चाल सुधारलेली असते आणि मुलगा म्हणतो, "सर, मी फिट आहे." काटोल-नरखेडचा बागायतदार जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून त्याच मोसमात फळ मागत नाही. आपण गुडघ्याकडून मागतो. नॉर्वेतल्या एका अभ्यासाने 2016 मध्ये दाखवले की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे एकेक महिना लांबवले, तर दरमहा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटते. तरुण खेळाडू मैदानात परतल्यावर चारातल्या सुमारे एकाचा, हा नाही तर दुसरा, गुडघा पुन्हा जातो. कलमांतल्या 0.04 टक्क्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

विनेश फोगटची मुंबईत ऑगस्ट 2023 मध्ये याच दोरासाठी शस्त्रक्रिया झाली. आशियाई स्पर्धा बुडाली, पण वर्षभरात ती पॅरिसच्या ऑलिम्पिक मॅटवर उभी होती. ऋषभ पंतच्या गुडघ्यावर जानेवारी 2023 मध्ये मुंबईतच शस्त्रक्रिया झाली आणि तो मार्च 2024 मध्ये खेळायला उतरला. वर्तमानपत्रांत सर्जनांचे नाव आले, ते योग्यच. पण दररोज तासन्‌तास व्यायाम करून घेणारी माणसे त्यांच्या दिमतीला होती. गडचिरोलीहून येऊन मेडिकलमध्ये किंवा मिहानच्या एम्समध्ये शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या पोराने आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीसाठी बसभाडे कुठून आणावे? त्याच्या हाती व्यायामाच्या चित्रांचा कागद येतो आणि तो गादीखाली जातो.

मुलींचे तर विचारूच नका. सारख्याच खेळात त्यांचा एसीएल मुलांपेक्षा दोन ते आठ पट अधिक तुटतो, असे अभ्यास सांगतात. पण शस्त्रक्रियेआधी घरात पहिली चिंता असते व्रणाची, नंतर लग्नाची, आणि व्यायामाच्या वेळी "घरातले काम केले की होतोच व्यायाम" असे ऐकवले जाते. झाडू मारून मांडीचा स्नायू भरत नाही. त्यात सरकारी नोकरीतले खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण, दहावी-बारावीचे जादा गुण, हे सारे निवड चाचणीच्या तारखेवर टांगलेले. गरीब घरातली चढाईपटू सहाव्या महिन्यात चाचणीला उतरते ती हौसेने नव्हे. तिला थांब म्हणणे सोपे आहे, थांबल्यावर तिचे वर्ष कोण भरून देणार?

म्हणून दोन मागण्या. शस्त्रक्रियेचा दर सांगताना दवाखान्यांनी, आणि सरकारी योजनांनीही, नऊ महिन्यांची फिजिओथेरपी त्यातच धरावी. तालुक्याच्या क्रीडा संकुलात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवला तरी गडचिरोलीच्या पोराचे बसभाडे वाचेल. आणि निवड समित्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला एक वर्ष सवलत देऊन पुढच्या वर्षी थेट चाचणीला बोलवावे, पण वयाच्या दाखल्याबरोबर एका पायाच्या उडीची नोंद मागावी. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची उडी दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के हवी, मांडीची ताकदही तितकीच. ताकद मोजायला यंत्र लागते, ते मोठ्या इस्पितळात मिळेल. उडी मोजायला मोजपट्टी पुरते, आणि ती प्रत्येक शाळेच्या क्रीडासाहित्याच्या कपाटात असते.